आधारासाठी निराधारच राहावे काय?

संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि श्रावणबाळ योजना या दोन योजनांतील अपंग लाभार्थ्यांचे मासिक साहाय्य दीड हजार रुपयांवरून अडीच हजार करण्याचा निर्णय महाराष्ट्र मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये घेतला. तो स्वागतार्ह आहे, यात शंका नाही. २०१९ साली ही रक्कम सहाशेवरून हजारावर आली, २०२३ साली ती दीड हजार झाली आणि आता अडीच हजार. महागाईच्या मानाने ती अजूनही तोकडीच. परंतु खेड्यातल्या घरात महिन्याकाठी रोख येणाऱ्या अडीच हजार रुपयांची किंमत शहरातल्या माणसाने आपल्या मापाने मोजू नये. त्या पैशांत औषध येते, किराणा येतो आणि घरातल्या अपंग माणसाच्या शब्दाला थोडे वजनही येते.

मात्र रक्कम वाढली तरी ती ज्या अटीवर मिळते ती अट जागच्या जागीच राहिली. अपंग अर्जदाराच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न पन्नास हजार रुपयांच्या आत असले पाहिजे, ही ती अट. या मर्यादेच्या आत एक रुपया असला तर पूर्ण अनुदान, आणि मर्यादेच्या बाहेर एक रुपया गेला तर काहीच नाही. म्हणजे अनुदान जसजसे वाढते तसतसा मर्यादा ओलांडण्याचा दंडही वाढतो. दीड हजाराच्या काळात मर्यादा ओलांडणारा माणूस वर्षाला अठरा हजार रुपये गमावत होता. आता तो तीस हजार गमावील. सरकारने देणगी वाढवली आणि त्याच हाताने, नकळत का होईना, काम करण्याची शिक्षाही वाढवली. या विसंगतीचा विचार झाल्याशिवाय अपंगांच्या पुनर्वसनाची भाषा पोकळच राहणार.

दोन दारे आणि उंबरठा

या विसंगतीचे मूळ महाराष्ट्राच्या दोन मोठ्या आणि अभिमानास्पद योजनांच्या रचनेत आहे. १९७२ च्या दुष्काळात या राज्याने रोजगार हमी योजना सुरू केली. वि. स. पागे यांच्या विचारातून आकाराला आलेल्या या योजनेला १९७७ साली कायद्याचे रूप मिळाले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा अमलात आला. काम मागणाऱ्याला काम देणे हे सरकारचे कर्तव्य ठरले. पुढे २००५ साली केंद्राने देशभरासाठी केलेल्या कायद्याची प्रेरणा हीच होती. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या केंद्रीय कायद्याच्या जागी सव्वाशे दिवसांची हमी देणारा नवा कायदा संमत केला.

रोजगार हमीचे काम म्हणजे माती उकरणे, खडी फोडणे, पाझर तलावाच्या भिंतीवर घमेली वाहणे. ज्याच्या अंगात हे बळ नाही त्याचे काय, या प्रश्नाला १९८० साली दुसऱ्या योजनेने उत्तर दिले. बॅ. अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना सुरू झालेली संजय गांधी निराधार अनुदान योजना वृद्ध, विधवा, असाध्य रोगाने पीडित आणि अपंग यांच्यासाठी होती. धडधाकट माणसाला काम आणि दुबळ्याला अनुदान, अशी ही विभागणी कागदावर नीटनेटकी दिसते. राज्याने दोन दारे उघडली आणि त्यांपैकी एका दारातून प्रत्येकाने आत यावे अशी अपेक्षा केली.

वस्तुस्थिती इतकी सुटसुटीत नसते. बहुसंख्य अपंग माणसे पूर्ण कामाला असमर्थ नसतात आणि पूर्ण समर्थही नसतात. एका पायाने अधू असलेला माणूस घमेले वाहू शकत नाही, पण शिवणयंत्रावर बसू शकतो. अंध स्त्री लावणीला जाऊ शकत नाही, पण दळण, निवडणे, दोर वळणे अशी कामे सराईतपणे करते. कमी ऐकू येणारा तरुण कारखान्यात यंत्र चालवू शकतो. यांना हवे असते ते थोडे काम आणि थोडा आधार. दोन्ही दारांच्या मधल्या उंबरठ्यावर ही माणसे उभी आहेत, आणि आपल्या योजनांत नेमकी उंबरठ्यासाठीच जागा ठेवलेली नाही. काम मागायला गेले तर अंगमेहनत जमत नाही म्हणून अडते आणि अनुदान मागायला गेले तर थोडी कमाई आहे म्हणून अडते. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी ही अवस्था आहे.

२०११ च्या जनगणनेप्रमाणे देशात दोन कोटी अडुसष्ट लाख अपंग व्यक्ती होत्या. महाराष्ट्रातील संख्या सुमारे २९ लाख ६३ हजार होती. देशातील अपंगांपैकी केवळ ३६ टक्के कोणते ना कोणते काम करीत होते. स्त्रियांत हे प्रमाण २३ टक्केच होते. २०१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत तर पंधरा वर्षांवरील अपंगांपैकी २३.८ टक्केच काम करणाऱ्यांत अथवा काम शोधणाऱ्यांत आढळले. उरलेले सारे अंथरुणाला खिळलेले आहेत, असे कोणी म्हणणार नाही. संधीचा अभाव, वाहनांची गैरसोय, शिक्षणातील अडथळे आणि समाजाची दृष्टी ही कारणे मोठी आहेतच. परंतु काम धरले तर हातचे जाईल ही भीतीदेखील त्यांत धरली पाहिजे.

डिंभ्याचा हिशेब

ही भीती कशी काम करते हे पाहायचे तर पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेकडील पट्ट्याकडे पाहावे. मंचरहून घोडेगावमार्गे भीमाशंकरकडे जाणाऱ्या रस्त्यावर डिंभे लागते. येथे घोड नदीवर कुकडी प्रकल्पातील मोठे धरण आहे. जलाशयाला याच तालुक्याच्या सुपुत्राचे, हुतात्मा बाबू गेनूचे नाव दिले आहे. ज्या गावावरून तालुक्याला आंबेगाव हे नाव मिळाले ते मूळ गावच या पाण्याखाली गेले. धरणाच्या पाण्याने खालच्या अंगाची शेते भिजली. वरच्या अंगाच्या महादेव कोळी वस्त्यांनी मात्र नदीकाठची सपाट जमीन गमावली आणि त्या डोंगराच्या आश्रयाला गेल्या.

या वस्त्यांची मिळकत एका कामातून येत नाही. पावसाळ्यात भाताची लावणी, उतारावर दगडी बांध घालून तयार केलेल्या पडकईच्या खाचरांतून निघणारे थोडे पीक, हंगामात गोळा केलेला बाळहिरडा, जलाशयातील मासेमारी आणि उन्हाळ्यात नारायणगावच्या बाजूला बागायती शेतांवर मजुरी, अशी ती तुकड्यातुकड्यांनी जमते. एखादे वर्ष हिरडा चांगला येतो, एखादे वर्ष भाताला पाऊस लागतो. अशा घरात अपंग माणूस असतो तेव्हा तोही रिकामा बसत नाही. तो जाळी विणतो, हिरडा वाळवतो व निवडतो, कपडे शिवतो, रस्त्याकडेला चहाची टपरी चालवतो. त्याचे काम थोडे असेल, पण ते घराच्या संसाराला लागते.

आता पन्नास हजारांच्या मर्यादेचा हिशेब मांडून पाहावा. घरातील दोन धडधाकट माणसांनी वर्षातून प्रत्येकी शंभर दिवस, तीनशे रुपये रोजाने मजुरी केली, तर साठ हजार रुपये होतात. मर्यादा येथेच ओलांडली. अपंग माणसाने स्वतः एक पैसाही मिळवला नसला तरी भावाच्या आणि भावजयीच्या घामामुळे तो अपात्र ठरतो. २०२५-२६ साठी केंद्राच्या रोजगार हमीचा महाराष्ट्रातील दर दिवसाला ३१२ रुपये होता. कुटुंबाने हमीचे पूर्ण शंभर दिवस भरले तर ३१,२०० रुपये होतात. निराधार योजनेत सर्वसाधारण अर्जदारांसाठी दीर्घकाळ असलेली कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा एकवीस हजार रुपये आहे. म्हणजे सरकारने स्वतः दिलेले हमीचे काम पुरते केले तरी सरकारच्याच दुसऱ्या योजनेतून माणूस बाद व्हावा! एका कचेरीने दिलेली हमी दुसऱ्या कचेरीत गुन्हा ठरावा, याहून अधिक विसंगत ते काय?

अपंग माणसाने स्वतः काही मिळवायचे ठरवले तर हिशेब आणखी कडू होतो. समजा, एका कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला अठ्ठेचाळीस हजार आहे आणि त्यातील अपंग मुलाला अडीच हजारांप्रमाणे वर्षाचे तीस हजार मिळतात. घराची एकूण मिळकत अठ्ठ्याहत्तर हजार झाली. त्या मुलाने शिवणकाम धरले आणि महिन्याला पाचशे, म्हणजे वर्षाला सहा हजार मिळवले. उत्पन्न चौपन्न हजारांवर गेले आणि अनुदान बंद झाले. घराची मिळकत अठ्ठ्याहत्तरवरून चौपन्न हजारांवर आली. सहा हजार मिळवण्याच्या अपराधाबद्दल चोवीस हजारांचा तोटा! पूर्वीच्या पातळीला परत यायचे तर त्याने वर्षाला तीस हजार मिळवले पाहिजेत. ज्याने आताच सुई हातात धरली आहे त्याला हे कसे जमावे? अशा स्थितीत शहाणी आई मुलाला काय सांगेल? यंत्र झाकून ठेव, असेच सांगेल. आणि तिला दोष देता येणार नाही.

प्रत्यक्षात पुष्कळदा तसेही घडत नाही. घडते ते अधिक वाईट. माणसे काम करतात आणि ते लपवतात. उत्पन्नाच्या दाखल्यावर जो आकडा पडतो तो घराच्या चुलीशी जुळत नाही, हे अर्ज करणाऱ्याला ठाऊक असते, शिफारस करणाऱ्याला ठाऊक असते आणि सही करणाऱ्यालाही ठाऊक असते. पन्नास हजारांत, म्हणजे महिन्याला चार हजार एकशे सहासष्ट रुपयांत, आज चार माणसांचे कुटुंब जगत नाही हे न समजण्याइतके अजाण कोणी नाही. मर्यादाच अशी ठेवली आहे की गरजू माणसाला खरे बोलणे परवडू नये आणि दयाळू कर्मचाऱ्याला नियम पाळणे जमू नये. जो कायदा पाळण्यासाठी सज्जनांना खोटे बोलावे लागते, त्या कायद्यात दुरुस्ती हवी, सज्जनांत नव्हे. शिवाय असे लपवलेले काम वाढत नाही. टपरीला बँकेचे कर्ज मिळत नाही, शिंपीकामाची नोंदणी होत नाही, आणि कोणी तक्रार केली तर सारेच जाईल हा धाक कायम राहतो.

एकच हात, चार न्याय

अपंग माणसाने काम केले तर साहाय्य बंद व्हावे, हा काही निसर्गनियम नाही. आपल्याच देशात, किंबहुना आपल्याच जिल्ह्यात, याच्या उलट वागणारे नियम कित्येक दशके नांदत आहेत.

पहिला महायुद्धातील जखमी सैनिकांचा. पुण्यातील खडकी येथे क्वीन मेरी तंत्रशिक्षण संस्था आहे. तिची स्थापना १९१७ साली, युद्धात अपंग झालेल्या सैनिकांना हातकाम शिकवून पुन्हा कमावते करण्यासाठी झाली. युद्धात वा सेवेत अपंग झालेल्या सैनिकाला अपंगत्वाबद्दलचे निवृत्तिवेतन मिळते आणि तो पुढे दुसरी नोकरी धरतो म्हणून ते थांबत नाही. त्याला काम शिकवायचे आणि काम मिळाले की वेतन काढून घ्यायचे, असा विचार कोणी केला नाही; कारण ते वेतन दारिद्र्याबद्दल नसून गमावलेल्या अवयवाबद्दल आहे.

दुसरा न्याय कारखान्यातील कामगारांचा. १९४८ च्या कायद्याने कामगार राज्य विमा योजना उभी केली; तिच्या तरतुदी आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावल्या आहेत. विमा उतरवलेल्या कामगाराला कामावर असताना कायमचे अपंगत्व आले, तर कमाईची क्षमता जितकी घटली त्या प्रमाणात त्याला मासिक लाभ आयुष्यभर मिळतो. तो पुन्हा त्याच कारखान्यात कामाला लागला आणि पगार घेऊ लागला तरीही हा लाभ चालू राहतो.

तिसरा न्याय सरकारी कर्मचाऱ्याचा. सेवेत असताना अपंगत्व आले म्हणून कोणालाही कमी करता येणार नाही. त्याला त्याच वेतनश्रेणीत झेपेल ते दुसरे काम द्यावे आणि तसे पद नसेल तर अधिसंख्य पद निर्माण करावे, असे १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने सांगितले व २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने ते कायम ठेवले. पाय गमावल्यामुळे सेवेतून काढलेल्या एका जवानाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली निकाल दिला, की त्याला असमर्थतेचे निवृत्तिवेतन मिळाले एवढ्यावरून हे संरक्षण नाकारता येत नाही. याला जोड म्हणून आयकराच्या जुन्या पद्धतीत अपंग करदात्याला पंचाहत्तर हजारांची आणि तीव्र अपंगत्व असल्यास सव्वा लाखाची वजावट मिळते. त्या वजावटीला उत्पन्नाची कमाल मर्यादा नाही. अपंगत्वामुळे माणसाचा खर्च वाढतो हे तत्त्व करदात्याच्या बाबतीत सरकारला पूर्णपणे मान्य आहे.

आता डिंभ्याच्या वरच्या वाडीतील दोन भाऊ कल्पावे. एक चाकणच्या कारखान्यात कामाला गेला आणि यंत्रात त्याची बोटे गेली. दुसरा गावी राहिला आणि हिरड्याच्या झाडावरून पडून त्याचा हात कायमचा अधू झाला. पहिल्याला आयुष्यभर लाभ मिळेल आणि कामही करता येईल. दुसऱ्याला अनुदान मिळवण्यासाठी आपले घर दरिद्री असल्याचे दाखवावे लागेल, आणि मिळाले तर ते टिकवण्यासाठी घराला दरिद्रीच राहावे लागेल. दोघांचाही हात गेला तो पोटाचे काम करतानाच. पण पहिल्याला जे मिळते ती भरपाई आहे आणि दुसऱ्याला जे मिळते ती दया आहे. भरपाईला अट नसते. दयेला मात्र पावलोपावली लाचारीचा पुरावा लागतो. या योजनेच्या नावातच तो अर्थ भरून राहिला आहे. तिच्या नियमांना माणसाच्या अपंगत्वापेक्षा त्याच्या निराधारपणाशी अधिक कर्तव्य आहे. आणि काम करणारा माणूस निराधार राहत नाही, म्हणून तिला तो परका होतो.

जगाचा अनुभव

हा पेच भारतापुरता नाही. कल्याणकारी योजना राबवणाऱ्या बहुतेक देशांना तो केव्हा ना केव्हा भेडसावला आणि त्यांनी त्यावर निरनिराळे उपाय योजले. अमेरिकेत अपंगत्व विमा घेणाऱ्याला नऊ महिने काम करून पाहण्याची मुभा असते. त्या महिन्यांत कितीही मिळवले तरी लाभ थांबत नाही. १९९९ साली तेथे झालेल्या कायद्याने आणखी एक सोय केली. कामामुळे लाभ बंद झाल्यावर पाच वर्षांच्या आत प्रकृतीने साथ दिली नाही आणि काम सुटले, तर नव्याने सारे सोपस्कार न करता लाभ पुन्हा सुरू करून घेता येतो. ब्रिटनने १९९२ साली अपंगत्वामुळे वाढणाऱ्या खर्चासाठी वेगळा भत्ता सुरू केला. तो घेणारा नोकरी करतो की नाही, त्याचे उत्पन्न किती, हे विचारले जात नव्हते. २०१३ पासून त्याची जागा घेऊ लागलेल्या भत्त्यातही तेच तत्त्व पाळले गेले.

ही श्रीमंतांची उदाहरणे झाली असे कोणी म्हणेल, म्हणून ब्राझीलकडे पाहावे. तेथे गरीब अपंगांना किमान वेतनाइतके मासिक साहाय्य मिळते आणि तेही उत्पन्नाच्या कडक मर्यादेने बांधलेले आहे. २०११ साली तेथे कायद्यात बदल झाला: अपंग माणूस नोकरीला लागला तर साहाय्य रद्द करायचे नाही, तहकूब ठेवायचे. २०२१ साली आणखी एक पाऊल पडले. किमान वेतनाच्या दुपटीपर्यंत पगार असलेली नोकरी धरणाऱ्या अपंगाला पूर्वीच्या साहाय्याची निम्मी रक्कम पगाराशिवाय मिळू लागली. काम करणाऱ्यास शिक्षा होण्याऐवजी बक्षीस मिळू लागले आणि सरकारचीही निम्मी रक्कम वाचली.

परतीचा रस्ता मोकळा ठेवण्याचे महत्त्व आपल्याला आपल्या अनुभवावरूनही समजायला हरकत नाही. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत गावोगावच्या नाक्यांवर सार्वजनिक दूरध्वनीची केंद्रे निघाली आणि ती देताना अपंगांना प्राधान्य मिळाले. पुष्कळांनी त्यावर संसार उभे केले. पुढे भ्रमणध्वनी घरोघर आला आणि थोड्या वर्षांत तो सारा धंदा बुडाला. धंदे बुडतात, कारखाने बंद होतात, प्रकृती खालावते. धडधाकट माणूस अशा वेळी दुसऱ्या कामाकडे वळतो. अपंगाला तितक्या लवकर वळता येत नाही. म्हणून सोडलेले अनुदान पुन्हा मिळेल ही खात्री असल्याखेरीज तो ते सोडण्याचे धाडस करणार नाही.

कायद्याची मोकळीक

आपल्याकडे हे करण्यासाठी नवा कायदा हवा असेही नाही. २०१६ चा दिव्यांगजन हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे. त्याच्या चोविसाव्या कलमाने अपंगांसाठी सामाजिक सुरक्षेच्या योजना करण्याची जबाबदारी, आर्थिक कुवतीच्या मर्यादेत, सरकारवर टाकली. अशा योजनांतील साहाय्य इतरांसाठी असलेल्या तशाच योजनांपेक्षा किमान पंचवीस टक्क्यांनी अधिक असावे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. निवृत्तिवेतनासाठी उत्पन्नाची मर्यादा किती असावी हे ठरवण्याचे काम कायद्याने सरकारवर सोपवले आहे. मर्यादेचा आकडा कायद्यात कोरलेला नाही. तो एका शासन निर्णयाने बदलता येतो.

तो किती बदलावा याचे उत्तरही सरकारने स्वतःच देऊन ठेवले आहे. जुलै २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेत कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये ठेवण्यात आली. अडीच लाखांच्या आतील कुटुंबातील स्त्रीला दरमहा दीड हजारांची गरज आहे, हे राज्याने मान्य केले. ते योग्यच होते. मग त्याच कुटुंबातील अपंग माणसाची गरज पन्नास हजारांवर का संपावी? वर्षाला साठ हजार मिळवणाऱ्या घरात धडधाकट सुनेला साहाय्य मिळावे आणि अंध दिराला मिळू नये, हे कोणत्या न्यायात बसते? रकमेच्या बाबतीत पंचवीस टक्क्यांचा नियम पाळला गेला. मर्यादेच्या बाबतीत मात्र अपंगाला इतरांहून पाचपट मागे ठेवले गेले.

आक्षेप आणि उत्तरे

यावर पहिला आक्षेप खर्चाचा घेतला जाईल. त्याचा साधा हिशेब असा: २०११ च्या जनगणनेतील राज्यातील सर्व अपंगांना, लहान मुलांपासून नोकरदारांपर्यंत, उत्पन्न न पाहता वर्षाला तीस हजार दिले तरी सुमारे आठ हजार नऊशे कोटी रुपये लागतील. आज ही संख्या वाढली असणार, हे खरे. तथापि लाडकी बहीण योजना जाहीर झाली तेव्हा तिच्यासाठी वर्षाला सेहेचाळीस हजार कोटींचा अंदाज सांगण्यात आला होता. त्याच्या पाचव्या हिश्श्याहूनही ही रक्कम कमी भरते. आणि येथे सर्वांना देण्याची मागणीही नाही.

दुसरा आक्षेप बनावट प्रमाणपत्रांचा. तो खोटा नाही. २०२४ साली अशा प्रमाणपत्रांची देशभर चर्चा झाली. परंतु बनावट प्रमाणपत्राचा बंदोबस्त वैद्यकीय तपासणी कडक करून व्हायला हवा. उत्पन्नाची मर्यादा खाली ठेवल्याने लबाड माणूस अडत नाही. तो उत्पन्नाचाही दाखला मिळवतो. अडतो तो प्रामाणिक.

तिसरा आक्षेप, फुकटच्या पैशाने माणूस आळशी होतो, हा. तो नेहमी सुखवस्तू माणसांच्या तोंडी असतो. येथे तर परिस्थिती अगदी उलटी आहे. आळसाला उत्तेजन देणारी कोणती व्यवस्था असेल, तर ती आजची आहे. कारण ती स्वस्थ बसणाऱ्याला तीस हजार देते आणि हात हलवणाऱ्याचे काढून घेते. बाबा आमट्यांनी आनंदवनात कुष्ठरुग्णांच्या झडलेल्या बोटांत अवजारे दिली, त्याला पाऊण शतक होऊन गेले. अपंग माणसाला श्रमाची प्रतिष्ठा हवी असते, हा धडा महाराष्ट्राने जगाला दिला. त्याच महाराष्ट्राची योजना श्रमाला दंड करते, हे लाजिरवाणे आहे.

कड्याऐवजी उतार

करायचे काय, याचे उत्तर फार गहन नाही. पहिली गोष्ट, अपंग प्रौढाचे उत्पन्न मोजताना त्याचे स्वतःचे उत्पन्न मोजावे; भावाच्या मजुरीवरून त्याची पात्रता ठरवू नये. कुटुंबाचे उत्पन्न मोजायचेच असेल तर मर्यादा निदान अडीच लाखांवर न्यावी आणि महागाईप्रमाणे ती आपोआप वाढत जावी. दुसरी गोष्ट, मर्यादेपाशी अनुदान एकदम तोडू नये. मर्यादेवर जितके रुपये मिळतील त्याच्या निम्मेच अनुदानातून कमी करावेत. आजची पन्नास हजारांची मर्यादा धरूनही हा नियम लावला, तर वरच्या उदाहरणातील चौपन्न हजारांच्या घराचे अनुदान केवळ दोन हजारांनी घटेल आणि एकूण मिळकत अठ्ठ्याहत्तर हजारांवरून ब्याऐंशी हजारांवर जाईल. उत्पन्न एक लाख दहा हजारांवर पोचेल तेव्हा अनुदान आपोआप संपलेले असेल, आणि मधल्या वाटेवर कोठेही काम केल्याचा पश्चात्ताप होणार नाही. तिसरी गोष्ट, नोकरी वा धंदा धरल्यावर अनुदान रद्द न करता तहकूब ठेवावे आणि पाच वर्षांच्या आत काम सुटल्यास साध्या अर्जावर ते परत सुरू व्हावे. चौथी गोष्ट, अपंगत्वाच्या वाढीव खर्चाचा काही भाग उत्पन्नाशी न जोडता द्यावा. एसटीच्या प्रवासात अपंगाला पंचाहत्तर टक्के सवलत मिळते, तेव्हा वाहक प्रमाणपत्र पाहतो; उत्पन्नाचा दाखला मागत नाही. तेच तत्त्व येथे लागू करावे.

यांपैकी कोणतीही गोष्ट महाराष्ट्राच्या कुवतीबाहेरची नाही. डिसेंबर २०२२ मध्ये या राज्याने अपंगांच्या कल्याणासाठी स्वतंत्र दिव्यांग विभाग स्थापन केला. अशा विभागाने निराधार योजनेतून अपंगांचे अनुदान वेगळे काढून त्याला स्वतःचे नाव आणि स्वतःचे नियम दिले, तर त्याच्या स्थापनेचे सार्थक होईल.

डिंभ्याच्या वरच्या डोंगरांत माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या एक काम केले. उभ्या उतारावर दगडांचे बांध घालून त्यांनी खाचरे रचली. एकातले पाणी दुसऱ्यात सावकाश उतरावे, माती वाहून जाऊ नये, म्हणून. पन्नास हजारांच्या रेषेवर शासनाने आज एक कडा उभा ठेवला आहे आणि त्याच्या काठावर येऊन माणसे मागे फिरत आहेत. तेथे पायऱ्या बांधण्यासाठी एका शासन निर्णयाची गरज आहे. अनुदानाची रक्कम वाढवताना ते राहून गेले. पुढची वाढ जाहीर करण्याआधी ते व्हावे. नाहीतर प्रत्येक वाढीबरोबर कडा आणखी उंच होत जाईल.